दहावीची ओरिजिनल मार्कशीट पुरात गेली, आता लॉ फर्म मागतेय - काय करावं?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी चिपळूणची, मुंबईत पाच वर्षांचा लॉ करतेय, हे शेवटचं सेमिस्टर. ट्रेनी असोसिएटच्या जागांना अर्ज टाकणं चालू आहे. एका फर्मचे दोन्ही इंटरव्ह्यू झाले, बरे झाले असं वाटतंय कारण त्यानंतर त्यांची मेल आली की दहावी, बारावी आणि लॉच्या आत्तापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट स्कॅन करून पाठवा आणि जॉइनिंगच्या आधी ओरिजिनल दाखवायला आणा.

बारावीची आहे. दहावीची २२ जुलै २०२१ ला गेली. चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावरचं लोखंडी कपाट अख्खं पाण्याखाली होतं. बाबांनी हौसेने मार्कशीटला लॅमिनेशन करून घेतलेलं, तर कडेने पाणी आत शिरलं आणि तिथेच अडकून बसलं, उन्हात वाळवली तरी आतून काळी बुरशी आणि शाई सगळी पसरलेली. नाव कसंबसं वाचता येतं, मार्क नाहीत. कॉलेजच्या ॲडमिशनला झेरॉक्स आणि हमीपत्रावर भागलं होतं, मग तो विषय राहूनच गेला.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. माझ्या झेरॉक्सवर एकूण ३६९+३ असं आहे, ते वरचे तीन इंटरमिजिएट ड्रॉइंगचे. फर्मच्या फॉर्मात एकच रकाना आहे, 'पर्सेंटेज'. ३६९ धरले तर ७३.८०, ३७२ धरले तर ७४.४०. कुठले भरायचे? खाली बारीक अक्षरात लिहिलंय की माहिती आणि कागद यात तफावत आढळल्यास ऑफर रद्द.

आणि तिसरी, दहावीला (२०१९) ७४ आणि बारावीला (२०२१) ९१ कसे, असं इंटरव्ह्यूत हसत हसत विचारलं गेलं. मीही हसले. पण ते परत विचारणार असं वाटतंय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

नुसताच_वाचक

पाच वर्षं कायदा शिकलेल्या पोरीला दहावीचे भूमितीचे मार्क विचारायचे, धन्य आहेत. उद्या बालवाडीचं प्रगतिपुस्तक मागतील.

हापूसवाला_देवगड

+१ वाचकभाऊ. आमच्या भाच्याला पण विचारलेले, तो तर एमबीए होता.

फोर्टातली_एचआर

मी एका मध्यम फर्मच्या एचआरमध्ये आहे (तुझ्या नाही, मेलची भाषा आमची नाहीये), म्हणून पलीकडच्या टेबलावरून सांगते. चिडणं समजू शकते पण दहावीचे मार्क बघून आम्ही कोणाला घेत नाही. फॉर्ममध्ये तो रकाना असतो कारण शेकड्याने अर्ज येतात आणि पार्टनर लोकांना चाळणी लावायला काहीतरी आकडा हवा असतो, हे मला स्वतःलाही फारसं पटत नाही ते सोड. एकदा इंटरव्ह्यू झाला की त्या आकड्याचं काम संपलं. नंतर जे मागतात ते तू किती हुशार आहेस हे बघायला नाही, तू फॉर्मात लिहिलंस ते कागदावर आहे का एवढंच बघायला. आमच्याकडे हे काम बाहेरच्या बीजीव्हीवाल्या (म्हणजे उमेदवाराची माहिती पडताळणाऱ्या) एजन्सीला दिलेलं असतं, तिथला मुलगा एक एक रकाना घेऊन कागदाशी टॅली करतो. त्याला तुझं वक्तृत्व माहीत नाही, त्याला ७३.८० आणि ७४.४० दिसतात आणि तो लाल शेरा मारतो.

त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, मार्कशीटवर टक्केवारीच्या जागी जे छापलंय तेच, पॉइंटनंतरच्या आकड्यांसकट. आपण गणित करायचं नाही. तुझ्यावर काय छापलंय?

वाशिष्ठीकाठची

झेरॉक्सवर टक्केवारीची जागा नेमकी घडीवर आलीय ताई, ७४ दिसतं, पुढचं नाही.

फोर्टातली_एचआर

मग ते ७४.४० असणार, ७३ नाही. पण अंदाजावर भरू नकोस, आधी कागद हातात घे. आणि फर्मला आत्ताच कळव, ऑफर लेटर यायची वाट बघू नकोस. "मूळ गुणपत्रक जुलै २०२१ च्या पुरात खराब झालं, दुय्यम प्रतीसाठी अर्ज करत आहे, तोवर डिजिलॉकरची प्रत जोडत आहे" इतकं दोन ओळीत. उगाच मोठी पुराची कहाणी लिहू नकोस, वाचणारा सकाळपासूनची चाळिसावी मेल वाचत असतो. ज्यांनी आधी सांगितलं त्यांचं काही अडलेलं मी बघितलं नाहीये, अडतं ते जॉइनिंगच्या दिवशी रिकाम्या हाताने येतात त्यांचं.

खारेपाटणचो_बाबू

गो बाय, भिया नको. मी हायस्कुलात क्लार्क होतंय, आता रिटायर. ह्या काम माझ्या हाताखालचाच. (आता शुद्धात लिहितो नायतर अर्ध्यांका कळाचा नाय.)

बोर्डात धावायच्या आधी शाळेत जा. दहावीला दोन कागद असतात हे लोक विसरतात. निकालाच्या वेळी मिळतं ते गुणपत्रक, ते सगळे उड्या मारत घेऊन जातात. बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं, आणि ते न्यायला निम्मी पोरं येतच नाहीत कारण तोवर अकरावीच्या गडबडीत असतात. आमच्या कपाटात वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधलेले पडून असायचे. तू तुझं नेलं होतंस का आठव. नसशील नेलं तर ते अजून शाळेतच असेल, पुरात सापडलं नसेल तर.

त्याशिवाय शाळेकडे बोर्डाकडून आलेलं निकालपत्रक असतं, त्यात तुझा बैठक क्रमांक आणि विषयवार मार्क असतात. तो क्रमांक आधी लिहून घे, पुढे सगळीकडे तोच विचारतात. जनरल रजिस्टरमधलं नाव पण बघून घे, आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळं. आधारवर आणि तिथे स्पेलिंग एकच आहे ना हे आज बघ, नोकरी लागल्यावर नको.

मग दुय्यम गुणपत्रकाचा अर्ज. तू २०१९ ची म्हणजे कोकण विभागीय मंडळ, रत्नागिरी. अर्जावर मुख्याध्यापकांची सही शिक्का घेऊन टाकलास तर बोर्डातल्या माणसाला पण सोपं जातं. खराब झालेली मार्कशीट फेकू नको हां, सोबत ने. हरवलेली आणि खराब झालेली यात फरक आहे, तुझ्याकडे तुकडा तरी आहे.

वाशिष्ठीकाठची

बाबूकाका, प्रमाणपत्र नेल्याचं मला अजिबात आठवत नाहीये! आईला पण नाही. शाळा आमची वरच्या अंगाला आहे, तिथे पाणी नव्हतं. शनिवारी गावी जातेय.

कोर्टनाका_रत्नागिरी

वकिली करतो, त्यामुळे चार गोष्टी त्या बाजूच्या सांगतो.

प्रतिज्ञापत्र करायला गेलीस की कोणीतरी ५०० चा स्टँपपेपर घ्यायला लावेल. २०२४ च्या ऑक्टोबरात १०० चा ५०० झाला तेव्हापासून हा धंदा जोरात आहे. शासकीय कार्यालयात किंवा कोर्टात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर होतं. अर्थात बोर्डाच्या खिडकीवर काय मागतात ते आधी फोन करून विचार, कायदा आपल्या बाजूने असला तरी एसटीचं भाडं आपल्या खिशातून जातं.

डिजिलॉकरबद्दल. त्यात दोन कप्पे असतात. एकात आपण स्कॅन करून टाकलेलं, त्याला घरातल्या झेरॉक्सपेक्षा जास्त किंमत नाही. दुसऱ्यात 'इश्यूड' म्हणजे बोर्डाकडून थेट आलेलं. हे दुसरं २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांतल्या नियम ९अ प्रमाणे मूळ कागदाच्या बरोबरीचं धरतात. तू बैठक क्रमांक आणि वर्ष टाकून बोर्डाकडून ओढून घेतलंस तर ते इश्यूडमध्ये येईल. फर्मला पाठवताना स्क्रीनशॉट पाठवू नकोस, ती पीडीएफ पाठव.

आणि हे फक्त फर्मपुरतं नाही. पुढे सनदेला (वकिलीच्या परवान्याला) बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे जाशील तेव्हा दहावी बारावीपासूनचे कागद परत लागणार. बारावीचे का लागतात तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत पाच वर्षांच्या कोर्सला बारावीला किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४० अशी अट आहे. म्हणजे तुझ्या लॉच्या डिग्रीचा पायाच बारावीची मार्कशीट आहे. २०२३ साली तर सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या वकिलांच्या डिग्र्या तपासायला समिती नेमली आणि विद्यापीठांनी नि परीक्षा मंडळांनी ही पडताळणी फी न घेता करून द्यावी असं सांगितलं. इतके बोगस निघत होते. त्यामुळे दुय्यम प्रतीवर खर्च होणारा वेळ वाया जाणारा नाही, आज नाही तर सनदेला लागलाच असता.

पेणचा_गणपती

काका तो बोगस कागदांचा विषय निघालाच आहे म्हणून, आमच्या ओळखीत एकाने पीडीएफमध्ये ६८ चे ७८ केलेले ॲप वापरून. दोन मिनिटांचं काम आहे म्हणे. धरतात का?

कोर्टनाका_रत्नागिरी

धरतात. बोर्ड स्वतः पडताळणी करून देतं. आणि खोटा दस्त खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खालचा गुन्हा, बनवणं कलम ३३६ खाली. वकिलाच्या बाबतीत आणखी एक, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २६ मध्ये अशी तरतूद आहे की महत्त्वाच्या बाबतीत चुकीची माहिती देऊन नाव वकिलांच्या पटावर चढवलं असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया ते काढू शकते. दहा टक्क्यांसाठी जन्माची सनद टांगणीला लावायची असेल तर खुशाल. त्या ओळखीतल्याला हा प्रतिसाद वाचायला दे.

पेणचा_गणपती

दिला. तो आता धागा उघडत नाहीये.

टेम्सपारचा_दापोलीकर

मी इकडे इंग्लंडात, मूळचा दापोलीचा. आमच्याकडे अगदी हाच प्रकार आहे म्हणून लिहितो, कुणी इकडे अर्ज करत असेल तर उपयोगी पडेल.

इथे सॉलिसिटर (म्हणजे इथला एक प्रकारचा वकील) व्हायचं तर पारंपरिक रस्ता म्हणजे दोन वर्षांचं ट्रेनिंग काँट्रॅक्ट. १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही सॉलिसिटरची पात्रता परीक्षा आणि दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव असा नवा रस्ता आला, तरी मोठ्या फर्म अजून ट्रेनी म्हणूनच घेतात आणि तेही दोन-दोन वर्षं आधी. फॉर्ममध्ये ए लेव्हलच्या (साधारण आपली बारावी) विषयवार ग्रेड भरायच्या, बऱ्याच ठिकाणी जीसीएसईच्याही, म्हणजे आपली दहावी. तेव्हा वाचकभाऊ, बालवाडी फक्त मुंबईत विचारतात असं नाही.

कागद मात्र अर्जाच्या वेळी कोणी मागत नाही, ऑफर आल्यावर मागतात, एचआर ताई म्हणाल्या तसंच. इथल्या पोरांची सर्टिफिकेट हरवली तर ज्या परीक्षा मंडळाची परीक्षा, म्हणजे एक्यूए, ओसीआर, पिअर्सन वगैरे, त्यांच्याकडे पैसे भरून निकालाचं अधिकृत पत्र मिळतं. शाळेने दिलेला निकालाच्या दिवसाचा कागद बऱ्याच फर्म पुरेसा धरत नाहीत. बरेचदा एका पोराचे विषय दोन-तीन मंडळांत विखुरलेले असतात, प्रत्येकाकडे वेगळा अर्ज, वेगळी फी. आपलं एकच बोर्ड त्या मानाने बरं.

आपली बारावी घेऊन इकडे अर्ज करणाऱ्यांनी एक करायचं नाही, ते म्हणजे ९१ टक्के म्हणजे ए स्टार (सर्वात वरची ग्रेड) असं स्वतःच ठरवून ग्रेड भरणं. 'इतर पात्रता' निवडा, बोर्डाचं नाव आणि टक्के लिहा. फर्मला तुलना हवी असेल तर यूके एनिक नावाची संस्था आहे, पूर्वी नारिक म्हणायचे, तिचं तुलनापत्र काढायला सांगतात. इथेही प्रवेशाच्या वेळी सॉलिसिटर्सची नियामक संस्था चारित्र्याची तपासणी करते, त्यात ग्रेड फुगवल्याचं निघालं तर फर्मच नाही, पेशाच जातो.

आणि तिच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे इथेही परीक्षा झाल्या नव्हत्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये तर आधी संगणकाच्या सूत्राने ग्रेड दिल्या, पोरं रस्त्यावर उतरली, मग ते सूत्र मागे घेऊन शाळांनी ठरवलेल्या ग्रेड दिल्या. त्यामुळे त्या बॅचच्या मार्कांकडे जरा वेगळं बघायची सवय सगळ्यांना झालीय.

वाशिष्ठीकाठची

दापोलीकर दादा, थँक्यू. पण माझे बारावीचे मार्क कोविडचे फुकटचे आहेत असं समोरच्याला वाटेल याचीच मला भीती आहे.

पाध्ये_मास्तरीण

मी शिकवते, म्हणून ह्या प्रश्नावर राहवत नाही. तुझ्या दोन्ही आकड्यांना कारण आहे आणि ते जगजाहीर आहे, लपवण्यासारखं काहीच नाही.

२०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून टाकले होते, पेपर पूर्ण १०० चा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ होता तो २०१९ ला ७७.१० वर आला. पोरं एका वर्षात मठ्ठ झाली नव्हती. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आणले आणि निकाल ९५.३० झाला. म्हणजे तुझी बॅच मधल्या मध्ये चेपली गेली. त्या वर्षीही कोकण विभाग ८८.३८ ने राज्यात पहिला होता हे जाता जाता, मिरवायची संधी सोडत नाही. त्या बॅचच्या पोरांना अकरावीला प्रवेश घेताना इतर बोर्डांच्या पोरांपुढे काय रडकुंडीला आणलं होतं ते मी वर्गात बघितलंय, आणि त्यातल्याच एकीला आज तेच ७४ परत समोर धरून विचारतायत याचा मला खरोखर संताप येतो.

आणि २०२१ च्या बारावीचं सूत्र ३०-३०-४० होतं. दहावीच्या सर्वात चांगल्या तीन विषयांचे ३०, अकरावीचे ३०, बारावीतल्या वर्षभराच्या कामाचे ४०. म्हणजे तुझ्या ९१ मध्ये तेच २०१९ चे कडक मार्क आहेत. फुकटचे कसे?

विचारलं तर सरळ सांग: दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांना अंतर्गत गुण नव्हते, बारावीला परीक्षा नव्हती, त्यामुळे दोन्हीपेक्षा लॉच्या सेमिस्टरचे मार्क बघा. आणि तिथे गप्प बस. जास्त बोलणाऱ्याला जास्त विचारतात.

फोर्टातली_एचआर

मास्तरीणबाईंना नमस्कार. ही दोन वाक्यं मी आमच्या पार्टनरला ऐकवणार आहे, त्यांना २०१९ च्या बॅचचं हे माहीतच नाही. ते दर वर्षी त्याच कट-ऑफने चाळतात.

नुसताच_वाचक

माझं मत तेच आहे, पण धागा उपयोगी आहे. वाचनखूण साठवली.

अलिबागची_सून

मला एक अवांतर विचारायचंय. मी रायगडची, दहावी २००८. नणंद सावंतवाडीची, दहावी २००४. दोघी आता तीन वर्षांचा लॉ करायचा म्हणतोय (हसू नका). तिच्या मार्कशीटवर कोल्हापूर आहे, ते कसं? आम्ही दोघी कोकणातल्याच ना.

खारेपाटणचो_बाबू

हसाचा कित्याक? करा करा. कोकण विभागीय मंडळ व्हायच्या आधी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागाखाली होते, म्हणून तिच्यावर कोल्हापूर. आणि रायगड मुंबई विभागात आहे, आजसुद्धा. कोकण मंडळात दोनच जिल्हे. एजन्सीवाल्याला हे माहीत नसतं, तो "कोकण" शोधतो आणि मग विचारतो की सावंतवाडीचा माणूस कोल्हापुरात कसा. मार्कशीटच्या डोक्यावर जे नाव छापलंय तेच फॉर्मात टाका, आपला भूगोल लावू नका.

वाशिष्ठीकाठची

अपडेट देते, नाहीतर धागाकर्ती गायब होतात असं म्हणाल.

शाळेत जाऊन आले. बाबूकाका, तुमचे पाय धरायला हवेत, प्रमाणपत्र खरंच तिथे होतं! २०१९ लिहिलेला गठ्ठा, सुतळीच बांधलेली, क्लार्क मॅडमनी आडनावांवरून काढून दिलं आणि रजिस्टरात सही घेतली. माझ्या वर्गातल्या अजून बऱ्याच जणांची तिथेच आहेत, ग्रुपवर टाकलंय. बैठक क्रमांक मिळाला, त्यावरून डिजिलॉकरमध्ये गुणपत्रक आलं, इश्यूडमध्येच. टक्केवारी ७४.४० छापलेली आहे. आधारवर आणि त्यावर नाव जुळतंय, आईचं नाव मात्र एका ठिकाणी 'सुनिता' आणि एका ठिकाणी 'सुनीता' आहे, त्याने काही बिघडेल का?

दुय्यम प्रतीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने गेला, खराब झालेली सोबत जोडली, पोच घेतली. फर्मला एचआर ताईंच्या दोन ओळींची मेल, डिजिलॉकरची पीडीएफ आणि पोचेचा स्कॅन पाठवला. त्यांचं उत्तर आलं की सध्या चालेल, दुय्यम प्रत आल्यावर दाखवा.

कोर्टनाका_रत्नागिरी

आईच्या नावाच्या वेलांटीने फर्मकडे काही अडणार नाही. सनदेच्या वेळी कोणी हटकलंच तर एका ओळीचं प्रतिज्ञापत्र. सनदेची नोंदणी फी सर्वसाधारण वर्गाला ७५० आणि एससी-एसटींना १२५ याच्या वर घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला गौरव कुमार प्रकरणात सांगितलंय, ते आत्ताच लिहून ठेव. आणि दुय्यम प्रत आली की लॅमिनेशन करू नकोस.

वाशिष्ठीकाठची

बाबांना सांगितलं. ते म्हणतात मग पावसाळ्यात ठेवायची कुठे?

खारेपाटणचो_बाबू

माळ्यार.